कूलंट सारखं कमी होतंय? गळती कुठे शोधायची आणि हात कुठे थांबवायचा

हातखंब्याच्या तिठ्यापासून थोडं आत माझं गॅरेज आहे. एका अंगाला मुंबई-गोवा हायवे, दुसऱ्या अंगाला साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरला जाणारा रस्ता. बावीस वर्षांत जे दुखणं सगळ्यात जास्त वेळा हाताखालून गेलं ते हे: गाडीतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रंगीत पाणी, कमी होतं, मालक पाणी भरतो, पंधरा दिवसांनी परत तेच. मग कोणीतरी रेडिएटर बदलायला सांगतं. रेडिएटर बदलला जातो, हजारो रुपये जातात आणि पुढच्या महिन्यात कूलंटची बाटली परत रिकामी.

गळती परत येते, कारण ती शोधलेलीच नसते. पार्ट बदलला जातो, पण पाणी नेमकं कुठून जातंय हे कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. कूलिंग सिस्टीम ही बंद सिस्टीम आहे. धडधाकट गाडीत सहा-सहा महिने पातळी जवळपास तिथेच राहते. दर आठवड्याला पाणी घालावं लागत असेल तर ते कुठूनतरी बाहेर पडतंय किंवा इंजिनात जळतंय, तिसरी वाट नाही. ती जागा सापडेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका.

पुढे मी जो क्रम देतोय तो बिनपैशाच्या तपासण्यांपासून सुरू होतो आणि खर्चाच्या कामांकडे जातो. मधली पायरी गाळू नका.

आधी लक्षणं

टेम्परेचरचा काटा घाटात वर जातो आणि सपाटीला आल्यावर खाली येतो. गाडी उभी केल्यावर बॉनेटमधून गोडसर, पाकासारखा वास येतो. सकाळी गाडीखाली हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी डाग दिसतो. गाडी बंद केल्यावर आत उकळल्यासारखा गुडगुड आवाज येतो. हीटर लावला तर गरमऐवजी गार हवा येते. पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं बसतं. बाटलीतली पातळी कधी खूप वर, कधी तळाला.

यातलं एक लक्षण फसवं आहे आणि त्यानेच इंजिनं जातात. कूलंट अगदीच संपलं तर टेम्परेचरचा सेन्सर पाण्यात बुडालेला राहत नाही, तो नुसत्या हवेत लटकतो. मग इंजिन भाजत असताना काटा मधेच थांबतो, कधी चक्क खाली येतो. ‘काटा तर नॉर्मल होता ओ’ असं सांगणाऱ्या माणसाच्या इंजिनचं हेड, म्हणजे इंजिनचा वरचा झाकणासारखा भाग, मी उघडलंय आणि ते वाकलेलं निघालंय. काटा वर जाऊन अचानक खाली पडला तर ती सुटका समजू नका. गाडी बाजूला घ्या आणि बंद करा.

गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही

तपासणी सुरू करण्याआधी हे एवढं पक्कं करा. सिस्टीममध्ये दाब असतो. त्या दाबामुळेच १०० अंशांच्या वर जाऊनही आतलं पाणी उकळत नाही. झाकण फिरवलंत की दाब एका क्षणात उतरतो आणि आतलं सगळं वाफ होऊन तोंडावर येतं. हायवेवर घाईघाईने झाकण उघडून हात-तोंड भाजलेली माणसं माझ्याकडे आली आहेत, त्यांना गाडीच्या आधी दवाखान्यात पाठवावं लागलं. निदान पाऊण तास थांबा. वरचा जाड होज पाईप हाताला कोमट लागला आणि दाबल्यावर नरम लागला, मगच जाड फडकं टाकून झाकण आधी अर्धंच फिरवा, हवा जाऊ द्या, नंतर पूर्ण काढा. आणि इंजिन बंद असलं तरी पुढचा इलेक्ट्रिक पंखा आपोआप सुरू होऊ शकतो. बोटं, ओढणी, पदर त्याच्यापासून लांब ठेवा.

पहिली तपासणी: हे खरंच कूलंट आहे का?

खर्च शून्य. तरी निम्मे घोळ इथेच मिटतात. एसी लावून आलेल्या गाडीखाली पाणी ठिबकतंच, आपल्याकडच्या दमट हवेत तर धारच लागते. ते स्वच्छ असतं, त्याला वास नसतो, आणि पडतं बहुतेक डॅशबोर्डच्या खाली. कूलंट बोटांत घेतलं तर किंचित बुळबुळीत लागतं, त्याला रंग असतो आणि गोडसर वास असतो. चव मात्र घेऊ नका. काही जुने ड्रायव्हर जिभेला लावून ओळखतात, त्यांचं ऐकू नका. बहुतेक कूलंटमध्ये इथिलिन ग्लायकॉल असतं आणि ते विष आहे. गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांची किडनी निकामी होते. अंगणात सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

आपल्या अंगणांची एक अडचण आहे. जांभ्याची फरशी किंवा लाल माती पाणी पिऊन टाकते. मिनिटाला एखादा थेंब पडत असेल तर सकाळी काहीच दिसत नाही. म्हणून रात्री गाडीखाली खोक्याचा मोठा पुठ्ठा पसरा, वर पांढरा कागद टाका आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवा. पुठ्ठ्यावर गाडीचं तोंड कुठे आणि डावं चाक कुठे ते पेनाने लिहा. सकाळी डाग कुठे पडला त्यावरून अर्धं उत्तर मिळतं: पुढच्या कडेला असेल तर रेडिएटर किंवा त्याचे पाईप, इंजिनच्या पट्ट्याच्या बाजूला असेल तर वॉटर पंप, मागे फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याकडे, असेल तर हीटरचे पाईप.

आणखी एक गोष्ट. बऱ्याच गळत्या गाडी बंद केल्यानंतरच्या पाच-दहा मिनिटांत दिसतात. पंप थांबतो, पाणी फिरायचं बंद होतं, इंजिनची गरमी तशीच असते, त्यामुळे आतलं तापमान आणि दाब थोडा वेळ उलट वाढतो. घाट चढून आल्यावर गाडी लावून घरात जाऊ नका. बॉनेट उघडा आणि लांबूनच, कशाला हात न लावता, बॅटरीचा झोत मारून बघा.

दुसरी: बाटलीवर खूण

सकाळी गाडी थंड असताना, सपाट जागेवर, बाटलीतल्या पातळीला पांढऱ्या चिकटपट्टीने खूण करा आणि पट्टीवर तारीख व किलोमीटर लिहा. रोज बघा. पातळी किती दिवसांत किती उतरते हे कळलं की मेकॅनिकचं काम निम्मं होतं. महिन्याला बोटभर उतरत असेल तर शोधायला वेळ आहे. दिवसाला अर्धा लिटर जात असेल तर गाडी चालवूच नका.

तिसरी: झाकण

सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

झाकण म्हणजे नुसतं बूच नव्हे. त्यात दोन व्हॉल्व असतात. मोठा, स्प्रिंगचा, दाब ठरावीक मर्यादेपर्यंत धरून ठेवतो आणि जास्तीचं कूलंट बाटलीत सोडतो. मधला छोटा व्हॉल्व इंजिन थंड झाल्यावर तेच कूलंट परत आत ओढून घेतो. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. साध्या हवेत पाणी १०० अंशांना उकळतं. असा दाब असला की तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जाऊन उकळतं, आणि निम्मं कूलंट मिसळलेलं असेल तर १२५ च्याही वर. झाकणाचं रबर कडक झालं की दाब धरला जात नाही, घाटात पाणी लवकर उकळतं, बाटलीतून ओव्हरफ्लोच्या पाईपाने रस्त्यावर जातं, आणि कुठेही गळती नसताना कूलंट गायब होतं.

एका गणपतीत मुंबईहून चाकरमानी कुटुंब आलं होतं. गाडीत नवरा-बायको, आजी आणि मागे मखराचं सामान. दोन महिन्यांपूर्वीच नवा रेडिएटर बसवला होता. भोस्ते घाटात एकदा, परशुराम घाटात एकदा, अशी दोनदा गाडी गरम होऊन उभी राहिली. रात्री उशिरा माझ्याकडे पोचले. मी म्हटलं, दादा, आता काही उघडत नाही, सकाळी थंड गाडी बघतो. सकाळी बॉनेट उघडलं तर वरचा होज पाईप चपटा झालेला, आतून कोणी ओढून धरल्यासारखा. झाकण काढलं, फस्स करून हवा आत गेली आणि पाईप फुगून जागेवर आला. बारका व्हॉल्व चिकटून बसला होता. कूलंट बाटलीत जात होतं पण परत येत नव्हतं. रेडिएटर नवा, झाकण मात्र जुनंच काढून त्यावर लावलं होतं. काही शे रुपयांचं झाकण बदललं, कूलंट भरलं, आत अडकलेली हवा काढली, आणि ती माणसं गणपती आणायच्या वेळेला घरी पोचली. सकाळी थंड गाडीचा वरचा पाईप चपटा दिसला तर आधी झाकण बघा, हे त्या दिवसापासून मी प्रत्येकाला सांगतो.

झाकण काढून रबराची कड बघा. त्यावर खोल वळ, तडे किंवा पांढरी खर दिसली तर बदला. नवं घेताना आकडा तोच घ्या. जास्त आकड्याचं झाकण लावलं तर जास्त चांगलं, असं नाही. तो वाढीव दाब मग सगळ्यात कमजोर पाईप फोडतो. काही नव्या गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, बाटलीच दाबाची असते आणि झाकण तिच्यावर असतं. त्या बाटलीच्या जोडावर, झाकणाच्या आट्यांपाशी आणि खालच्या कडेला बारीक चीर पडते. बोट फिरवून बघा.

चौथी: क्लिपा आणि होज पाईप

समुद्रकाठच्या गाड्यांचं हे खास दुखणं. खाऱ्या हवेने क्लिपांना गंज चढतो. मिऱ्या, काळबादेवी, गणपतीपुळे या बाजूला किनाऱ्यालगत रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या क्लिपा मी घाटावरच्या गाड्यांच्या मानाने कितीतरी लवकर सडलेल्या बघतो. स्प्रिंगची क्लिप गंजली की तिची पकड जाते. बाहेरून जागेवर दिसते, पण बोटाने फिरवली तर गरागरा फिरते.

शोधायची खूण म्हणजे सुकलेलं कूलंट. पाणी उडून जातं आणि मागे खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे गुलाबी किंवा हिरवे कण राहतात, पाईप जिथे तोटीवर चढतो बरोबर तिथे. गळती एवढी बारीक असते की थेंब खाली पडायच्या आधीच गरम पाईपावर सुकतो. पुठ्ठ्यावर काही नाही, पण बाटली उतरते, अशा गाडीत हे कण शोधा. आरसा आणि बॅटरी घ्या, पाईपाच्या खालच्या बाजूने बघा, कारण वरून सगळं चकाचक दिसतं.

पाईप थंड असताना चिमटीत दाबा. चांगला पाईप रबरी चेंडूसारखा परत येतो. क्लिपजवळ फुगलेला, स्पंजासारखा मऊ झालेला किंवा दाबताना करकरणारा पाईप बदलायचा. ज्याच्यावर इंजिन ऑइल ठिबकत आलंय तोही बदलायचा, तेलाने रबर सुजतं. क्लिप बदलताना तोटी उघडी करून बघा. तिच्यावर पांढरट खरबरीत थर असतो, तो बारीक पॉलिश पेपरने काढा. नाहीतर नवी क्लिपही महिन्यात गळेल. स्क्रूची क्लिप आवळताना जोर लावू नका. प्लास्टिकची तोटी फुटते, आणि मग खरोखरच रेडिएटर बदलावा लागतो.

आता उंदीर. एप्रिलमध्ये देवगडहून वाशीला हापूसच्या पेट्या नेणारा एक पिकअप माझ्याकडे थांबला. चालवणारे काका वैतागले होते. ‘काल सांजेक भरलंय, आज परत खाली! पाणी जाता तरी खंय?’ मी खाली झोपून बघितलं. इंजिनच्या मागच्या कोपऱ्यात, हीटरच्या पाईपाखाली, मूठभर पेंढा गोळा केलेला. पेट्यांत आंब्याखाली घालतात तोच भाताचा पेंढा. उंदराने घरटं केलं होतं आणि बारक्या पाईपावर दातांच्या दोन ओळी होत्या, सुईने टोचल्यासारख्या. थंड असताना कोरडं, गरम झाल्यावर त्या दोन ओळींतून धुक्यासारखा फवारा. वरून बघून हे कधीच दिसलं नसतं. पेंढा, भात, काजूच्या बिया यांच्याजवळ गाडी उभी राहत असेल तर आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून कोपरे बघायची सवय लावा, पावसाळ्यात तर नक्कीच. त्या दिवसांत उंदीर कोरडी, उबदार जागा शोधत असतात.

पाचवी: पंखा

ही गळतीची तपासणी नाही, पण यावरून फसगत होते. गाडी उभी ठेवून इंजिन चालू करा, एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरायला लागतो. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर बघा. पंखा बंद असला तर हायवेवर वाऱ्याने भागतं, पण घाटात ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पाणी उकळतं आणि बाहेर येतं. माणूस म्हणतो गळती आहे.

सहावी: रेडिएटर

आजच्या रेडिएटरची जाळी अॅल्युमिनियमची आणि दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. मधे रबराची सील आणि पत्र्याची दाबलेली कड. गळती बहुतेक या कडेवरच होते. तिथे उभा, पांढरट-हिरवट ओघळ दिसतो. प्लास्टिकची टाकी वर्षानुवर्षं तापून पिवळट-तपकिरी झाली असेल आणि नखाने खुट्ट वाजत असेल तर तिचे दिवस भरले. एपॉक्सी लावून घरी पोचता येतं, त्याच्यापुढे भरवसा ठेवू नका.

दुसरं कारण खडी. चौपदरीकरणाचं काम चाललेल्या पट्ट्यांत डंपरच्या मागून गाडी नेलीत तर खडा जाळीत बसतो. पुढे एसीचा कंडेन्सर असल्यामुळे बरेचदा तो मार खातो, पण खालची उघडी पट्टी वाचत नाही. जाळीत लाल माती, पिसं, किडे भरले असतील तर आतल्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने धुवा. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशरच्या पाण्याने जाळीच्या पत्र्या वाकतात आणि हवा जायची बंद होते.

हळदीबद्दल सगळे विचारतात. रेडिएटरमध्ये हळद टाकली की गळती थांबते, हे खरं आहे, बारीक छिद्रापुरतं. गळती बंद करायच्या पावडरीचंही तसंच. पण ती पूड छिद्र ओळखत नाही. ती थर्मोस्टॅटमध्ये (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप), हीटरच्या बारीक नळ्यांत, झाकणाच्या व्हॉल्वमध्येही बसते. आंबोली घाटात, रात्री, मुलंबाळं गाडीत असताना हळद टाकून दाणोलीपर्यंत खाली आलात तर मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. पण मेकॅनिकला ते आधी सांगा, म्हणजे तो सिस्टीम धुऊन मग काम करेल. मला न सांगितल्यामुळे नव्या रेडिएटरमध्ये जुनी हळद जाऊन तो अर्धा चोंदलेला मी पाहिला आहे.

सातवी: वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं घर

वॉटर पंपाच्या, म्हणजे ज्याला आम्ही वॉटर बॉडी म्हणतो त्याच्या, शाफ्टखाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतली सील गेली की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं म्हणून. त्या भोकाखाली रंगीत ओघळ दिसला की पंपाचा निरोप आला. भोक बुजवू नका. काही जण एमसील भरून देतात, मग पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि पंप एक दिवस घाटात जाम होतो. पुली हाताने हलवून बघा, खडखड किंवा ढिलाई असेल तर पंप बदला. पंप टायमिंग बेल्टवर, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्वची वेळ सांभाळणाऱ्या पट्ट्यावर, चालणारा असेल तर काम घरी करायचं नाही. दात चुकले तर इंजिनचे व्हॉल्व वाकू शकतात. पंप उघडतोच आहोत तर बेल्टही त्याच वेळी बदला, मजुरी एकदाच जाते.

थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं घर आणि इंजिनवर येणारे प्लास्टिकचे टी-जोडही तापून चिरतात. स्वस्त असतात, बदला. थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी चालवण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. ती चुकीची आहे. त्याने इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त जातं आणि मूळ दुखणं झाकलं जातं.

आठवी: प्रेशर टेस्ट

इथपर्यंत सापडलं नाही तर आता पैसे खर्च करा, पण टेस्टवर, पार्टवर नव्हे. झाकणाच्या जागी हातपंप लावायचा, झाकणावरच्या आकड्याएवढा दाब थंड इंजिनात भरायचा आणि पंधरा मिनिटं पंपावरचा दाबाचा काटा बघायचा. काटा उतरत असेल तर कुठूनतरी फवारा दिसेल, ऐकूही येईल. काटा उतरतोय पण बाहेर एक थेंब नाही, तर पाणी आत जातंय. ही एक टेस्ट किती रेडिएटर वाचवते हे मला विचारा. ज्या गॅरेजला हा हातपंप नाही तिथे ‘शोधून बदलू’ असं होत नाही, ‘बदलून बघू’ असं होतं.

केबिनमध्ये ओल असेल तर

डाव्या सीटखालचं कारपेट उचला. पावसाळ्यात चपलांनी आणि छत्र्यांनी ते ओलं असतंच, एसीचा निचरा तुंबला तरी ओलं होतं. म्हणून बोटांनी बघा: बुळबुळीत आणि गोडसर वासाचं असेल तर हीटरची कॉइल गेली. डॅशबोर्ड उघडायचं काम मोठं आहे. कोकणात हीटर लागत नाही म्हणून आम्ही बऱ्याच गाड्यांत दोन्ही पाईप एकमेकांना जोडून कॉइल बाजूला काढतो. चालतं, पण तुमच्या गाडीत पाण्याचा मार्ग कसा आहे ते माहीत असलेल्याकडूनच करून घ्या.

इथे थांबा

पुढचं काही दिसलं तर पाना खाली ठेवा. सायलेन्सरमधून गाडी गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येतोय. ऑइलच्या झाकणाखाली किंवा डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) दुधाळ चहासारखा फेस आहे. ऑइलची पातळी न भरता वाढली आहे. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा पाईप दगडासारखा टणक होतो, किंवा रेडिएटरच्या तोंडाशी सारखे बुडबुडे येतात. ही हेड पॅकिंग (हेडच्या खालची सील) गेल्याची किंवा हेडला तडा गेल्याची चिन्हं आहेत. ऑइलमध्ये पाणी असेल तर स्टार्टरही मारू नका, गाडी टो करून आणा. एक छोटी खूणगाठ: ऑइलच्या झाकणाखाली थोडासा पिवळसर फेस पावसाळ्यात कमी अंतर चालणाऱ्या गाड्यांत वाफेमुळेही येतो. डिपस्टिक स्वच्छ असेल आणि कूलंट उतरत नसेल तर घाबरू नका.

चांगला मेकॅनिक लगेच हेड उघडणार नाही. तो रेडिएटरच्या तोंडावर निळं रसायन असलेली नळी धरेल. जळलेला वायू पाण्यात येत असेल तर निळा रंग पिवळा किंवा हिरवट होतो. हेड उतरवलं तर ते लेथवाल्याकडे सपाट करून आणणं, नवे बोल्ट आणि ठरलेल्या टॉर्कने आवळणं, हे तीन प्रश्न विचाराच. ‘पॅकिंग बदलून देतो, हेडला काही नाही’ असं न मोजता कोणी म्हणालं तर गाडी दुसरीकडे न्या. डिझेल गाड्यांत ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडायचा धूर गार करणारा भाग, फुटूनही पांढरा धूर येतो आणि ऑइल मात्र स्वच्छ राहतं. तेही घरचं काम नाही.

रस्त्यात गरम झाली तर

काटा चढायला लागताच एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, घाम येईल पण इंजिनला उसंत मिळेल. सुरक्षित जागा मिळाली की थांबा. वाफ दिसत असेल तर इंजिन लगेच बंद. बॉनेट उघडा, झाकणाला हात नको. भाजलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेड तडकतं. गार झाल्यावरच थोडं थोडं भरा. घाटात पाणी भरून परत चढायला सुरुवात करू नका. उतरून सपाटीला या आणि मदत मागवा.

पाणी कोणतं भरायचं

अडीअडचणीला मिळेल ते. पण कायमचं विहिरीचं नको. खाडीकाठच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, आणि मीठ अॅल्युमिनियमला आतून खड्डे पाडतं. पाटाचं, बोअरचं पाणी प्यायला गोड असलं तरी त्यातले क्षार आतून थर धरतात. डिस्टिल्ड वॉटर वापरा, म्हणजे बॅटरीत घालतो ते. कूलंट हे केवळ उकळू नये म्हणून नसतं, गंज थांबवणारी द्रव्यं त्यात असतात. नुसतं पाणीच घालत राहिलेल्या गाडीत ओतीव लोखंडाच्या ब्लॉकचे वाटीसारखे वेल्श प्लग, म्हणजे ब्लॉकच्या भोकांची बुचं, आतून गंजतात आणि मग ब्लॉकच्या मागून गळती लागते, तिथे हातही पोचत नाही. रंग बघून कूलंट मिसळू नका. हिरवं म्हणजे अमुक आणि गुलाबी म्हणजे तमुक असा एकच नियम सगळ्या कंपन्या पाळत नाहीत, आणि न जुळणारी दोन एकत्र झाली तर खळीसारखा गाळ बसू शकतो. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच घ्या.

दुरुस्तीनंतर हवा काढणं विसरलं जातं आणि ‘गळती परत आली’ म्हणून गाडी आठवड्याने येते. आपल्या घरासमोर चढाव असेल तर गाडी तोंड वर करून उभी करा, हीटर गरमवर ठेवा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा, आणि थर्मोस्टॅट आपोआप उघडून खालचा पाईप गरम होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. मग पूर्ण थंड होऊ द्या, पातळी परत बघा, नवी चिकटपट्टी लावा आणि पंधरा दिवस रोज सकाळी बघत राहा. काढलेलं जुनं कूलंट माडाच्या आळ्यात किंवा गटारात ओतू नका. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, मुलांच्या हाताला आणि गुरांच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी ठेवा, आणि पुढच्या वेळी गॅरेजला याल तेव्हा घेऊन या.